वाफेच्या तंबूत मारोतराव

आमचे हे, मारोतराव, वणीच्या कोळसा खाणीतून रिटायर झाले अन् गुडघे धरून बसले. म्हणून आमच्या पोरानं, कपिलनं, पुण्याहून वाफेचा तंबू धाडला. आत खुर्चीवर बसायचं, गळ्यापर्यंत चेन लावायची, हातपाय आत अन् मुंडकं तेवढं बाहेर. डॉक्टर म्हणे, बीपी ठीक आहे, रोज थोडा वेळ बसत जा, पाणी पेत जा, आखडलेले सांधे मोकळे होतीन.

झाले ना मोकळे! पन माह्या पायाले भिंगरी लागली. कणकेचे हात तसेच घेऊन रोज धावा. "अवं, पाणी पाज." "अवं, घाम पूस, डोळ्यात चालला." "अवं, नाक खाजव. तिथं नाही, वर!" फोन वाजला तर तोही मीच यायच्या कानाले लावून उभी. अन् आल्यागेल्याले सांगतात काय, तर वाफेनं अंग हलकं होते, झोप मस्त लागते, अन् घरच्या घरी, कोणाले तरास नाही!

काल म्हटलं, गुडघे तर माहेही दुखतात. बसली तंबूत. खोटं कायले बोलू, मस्त वाटलं. कंबर सैल झाली, डोळे मिटाले लागले. अन् तेवढ्यात नाक खाजाले लागलं.

"अवो, या ना जरा, नाक खाजून राह्यलं!" मी आवाज दिला.

हे ओसरीत पेपर वाचून राह्यले होते. मान वर न करताच बोलले, "मंग चेन उघड अन् खाजव ना. तुले हात नाहीत काय?"