पैसे भरून घेतलेला सिनेमा पडद्यावर दिसेना

महाराष्ट्राबाहेर राहून, पैसे भरून, रीतसर मराठी सिनेमे डाउनलोड करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. फुकट्यांचं सगळं सुरळीत चालतं आणि अडतं ते आपलंच, असं तुम्हालाही कधीतरी वाटलं असेल... मला ते तीन रविवारांपूर्वी वाटलं, तेही अठरा मुलांसमोर.

नुंगंबाक्कमला एका हॉलमध्ये मी रविवारी सकाळी मराठीचा वर्ग घेते. निम्मी मुलं आमच्यासारख्या नोकरीसाठी चेन्नईत आलेल्यांची, निम्मी पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या तंजावरच्या मराठी घरांतली. आपापसात सगळी तमिळ बोलतात. मराठी फक्त माझ्याशी, तीही नाइलाजाने.

वर्ग रोडावत चालला होता. मुलं अशीच कमी होत राहिली तर ही वेळ अबॅकसच्या क्लासला देऊ, असं हॉलवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ठरवलं, एका रविवारी मुलांना मराठी सिनेमा दाखवायचा आणि पालकांनाही बोलवायचं. शाळेची घंटा हरवते आणि चौथीतली पोरं ती शोधत गावभर फिरतात, असा एक छोटासा सिनेमा मला आवडला होता.

पालकांच्या मीटिंगमध्ये हे बोलले, तर रावकाकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. काका तंजावरचे, निवृत्त शिक्षक, त्यांची नात वर्गात येते. "पुतण्यानं यात तोच सिनेमा घालून दिलाय, ताई. घ्या की."

मी उभी राहिले आणि पंधरा मिनिटं बोलले. आपण मुलांना भाषा शिकवणार की चोरी... ज्यांनी घाम गाळून सिनेमा केला त्यांना आपण काय तोंड दाखवणार... आपली भाषा जगावी असं वाटतं, तर तिच्यासाठी राबणाऱ्यांना जगू द्या. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. काकांनी "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणत पेन ड्राइव्ह परत खिशात ठेवला.

मी सिनेमांच्या एका ॲपवर 'खरेदी करा' दाबलं, सिनेमा लॅपटॉपवर उतरवून घेतला. घरी पहिली दहा मिनिटं लावून पाहिली. उत्तम चालला.

रविवारी वेलचेरीच्या घरून लॅपटॉप सांभाळत हॉलवर पोचले. प्रोजेक्टरला केबल जोडली, सिनेमा सुरू केला... आवाज आला, चित्र नाही. पडदा काळाच. केबल काढली की लॅपटॉपवर सगळं दिसायचं, जोडली की पुन्हा काळोख. हॉलचा प्रोजेक्टर जुना. कॉपी होऊ नये म्हणून असल्या फाइल्स आधी जोडलेलं यंत्र तपासतात आणि ते मान्य नसेल तर चित्रच बंद करतात, हे मला नंतर कळलं.

मुलांना लॅपटॉपभोवती बसवून पाहिलं. पुढच्या चौघांना दिसला, मागच्यांनी ढकलाढकली केली. अण्णा नगरहून येणारी एक चिमुरडी म्हणाली, "आंटी, पडम नाही का मग? घरी जायचं?" पडम म्हणजे सिनेमा. दारात दोन पालक चपला घालू लागले होते.

मागच्या रांगेतून रावकाका म्हणाले, "तुमचा विकतचा नुसता ऐकायला येतो, ताई. आमचा दिसतो पण." सगळे हसले.

मी हात पुढे केला. "द्या काका."

"चोरीचा आहे बरं."

"माहीत आहे. द्या."

सिनेमा लागला. विहिरीच्या प्रसंगात मुलं उभी राहिली आणि पडद्यावरच्या पोरीला ओरडून सांगू लागली, "अगं मागे बघ, विहिरीत आहे!" मराठीत... कोणी सांगितलं नसताना. ज्या क्षणासाठी हा वर्ग चालवते तो समोर होता, आणि मला मान वर करून बघवेना.

घरी आले ती कडक तक्रार लिहायचीच, या तयारीने. त्यासाठी ॲपच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. मी सिनेमा विकत घेतलाच नव्हता. माझ्या घरात, माझ्या यंत्रांवर, घरच्यांसोबत तो बघण्याची परवानगी घेतली होती. ॲपकडचे हक्क संपले तर तीही जाऊ शकते. आणि घराबाहेर, हॉलमध्ये, वर्गात दाखवायला साफ मनाई... म्हणजे प्रोजेक्टर चालला असता तरी तो दाखवायचा हक्क मला नव्हताच.

परवानगी विकायची आणि बटणावर 'खरेदी' लिहायचं, ही फसवणूक आहे असंच मी म्हणेन. पण दुसऱ्याला पंधरा मिनिटं सुनावणाऱ्या बाईने स्वतः मान्य केलेला करार वाचला नव्हता, हेही तितकंच खरं. मी रावकाकांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता परत भाषण नाही ना?"

मग सिनेमाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शिकेचं नाव सापडलं, तिचा पत्ता शोधून ईमेल लिहिला. वर्गाबद्दल लिहिलं, काळ्या पडद्याबद्दल लिहिलं, पेन ड्राइव्हबद्दलही लिहिलं. शिव्या खायची तयारी होती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. शाळा आणि मंडळांत दाखवण्याचे हक्क तिच्याचकडे आहेत. मुलांच्या वर्गाला ती आनंदाने परवानगी देते, अट एवढीच की तिकीट लावायचं नाही. सोबत कुठल्याही प्रोजेक्टरवर चालेल अशी फाइल आणि सहीचं पत्र. आणि खाली लिहिलं होतं, 'आजवर कोणी विचारलंच नाही. मुलं कुठे हसली, ते मात्र सविस्तर कळवा.'

परवाच्या रविवारी आम्ही तो पुन्हा लावला, तिचं पत्र आधी मुलांना वाचून दाखवून. तेवीस मुलं होती. अबॅकसवाल्यांना हॉलने सध्या दुसरी वेळ दिली आहे.

तुमच्या मंडळात, वर्गात, सोसायटीत पुढचा सिनेमा लावायचं ठरलं असेल, तर तो बनवणाऱ्याचं नाव शोधा आणि परवानगी मागणारं चार ओळींचं पत्र पाठवा. आजच पाठवा.