शेंगदाण्यांचा टॅग कोणी काढला?

“मराठे मॅडमनीच काढलाय टॅग. ॲपच्या नोंदीत, लॉगमध्ये स्वच्छ दिसतंय,” जोगसाहेब म्हणाले.

जोगसाहेब म्हणजे आमचे क्लायंट. कोथरूडमध्ये त्यांचा डबे पोचवायचा व्यवसाय आहे आणि त्यांचं ॲप मी डिझाइन करते. त्यात गिऱ्हाईक टॅग लावतं: ‘तिखट कमी’, ‘शेंगदाणे वर्ज्य’. टॅगला फुली असते. ती दाबली की टॅग जातो.

मराठे मॅडम त्यांच्या गिऱ्हाईक. त्यांना शेंगदाण्यांची ॲलर्जी, घसा सुजतो. आणि आपल्याकडे दाण्याचं कूट कशात पडत नाही? त्यांच्या डब्यात कूट घातलेली कोशिंबीर गेली. वास आला म्हणून वाचल्या. मॅडम दृष्टिहीन आहेत, एकट्या राहतात, दोन्ही वेळचं जेवण या डब्यावरच.

“असली जोखीम नकोच. मी त्यांचा डबा बंद करतो.”

“जरा थांबा, सर. मी बघून येते.”

जोगसाहेबांचा राग आलाच होता, पण कुतूहल त्याहून जास्त. ॲलर्जी असलेली बाई तो टॅग स्वतः का काढेल?

मी मॅडमच्या घरी गेले. त्यांचा फोन स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात.

“त्या दिवशी भाची यायची होती,” मॅडम म्हणाल्या. “तिला झणझणीत लागतं. म्हणून ‘तिखट कमी’ काढलं. थांब, दाखवते.”

फोन म्हणाला, “तिखट कमी.” मग, “काढा, बटण.” मॅडमनी दाबलं. टॅग गेला. फोन पुन्हा म्हणाला, “काढा, बटण.”

“बघ, पहिल्यांदा दाबलं जातच नाही मेलं,” म्हणत त्यांनी परत दाबलं. माझ्यादेखत ‘शेंगदाणे वर्ज्य’ गायब झाला.

आता कळलं. टॅग गेला की फोकस, म्हणजे फोन वाचतोय ती जागा, शेजारच्या फुलीवर सरकत होता. सगळ्या फुल्यांचं नाव मात्र एकच, ‘काढा’. मी टॅग परत लावला आणि मॅडमना सगळं सांगितलं.

“म्हणजे मी वेंधळी नव्हते तर,” त्या म्हणाल्या.

आम्ही प्रत्येक फुलीला तिच्या टॅगचं नाव दिलं. टॅग गेला की ॲप आता तसं बोलून सांगतं. ॲलर्जीचा टॅग काढताना आधी विचारतं.

“फार बडबडतं हो आता ॲप,” जोगसाहेब कुरकुरले.

“पुन्हा कूट गेलं, तर मराठे मॅडम बोलतील त्यापेक्षा कमीच, सर.”

मॅडमचा डबा चालू राहिला. लॉगमध्ये गिऱ्हाइकाची चूक सापडली, की हल्ली मी आधी डोळे मिटून आमचं बटण ऐकते.