मामांचा फावल्या वेळाचा रकाना

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून ‘फावला वेळ म्हणजे काय’ याची व्याख्या वहीत उतरवून घेत होते. त्याला दीड महिना झाला. ती व्याख्या अजून अर्धीच आहे.

मी माधवनगरची. विरंगुळा आणि फावला वेळ हा माझा एम.ए.चा विषय, असं सांगितलं की आमच्याकडं लोक आधी हसतात आणि मग ‘त्याला कॉलेज कशाला लागतंय?’ असं विचारतात. हसले नाहीत ते फक्त साताऱ्याचे मामा. मूळचे माण तालुक्यातले, फौजेत हवालदार, तिथून निवृत्त झाल्यावर साताऱ्यात एका सरकारी कचेरीत कारकून, आता तिथूनही निवृत्त. प्रबंधासाठी मला निवृत्त माणसांच्या दिवसाच्या नोंदी हव्या होत्या. मामांनी माझ्या हातातले कोरे तक्ते ओढूनच घेतले. “आण हिकडं. रोजचा रिपोर्ट आपल्याला नवा न्हाई.”

तक्ते भरून आले. उठणं, भाजी आणणं, औषध, पेपर, सगळं वेळेसकट. आणि फावल्या वेळाच्या रकान्यात रोज एकच शब्द, ‘निरंक’. कळवण्यासारखं काही नसलं की कचेरीत हा शब्द लिहितात. मी हुरळले. निवृत्त फौजींना फावला वेळ उरतच नाही, असं एक अख्खं पान लिहून मोकळी झाले. पुढं साताऱ्याला गेले तर मामी म्हणाली, “निरंक कुठलं? रोज चार वाजता स्टँडवर जात्यात. दहिवडीची गाडी आली की गावाकडचं कोण उतरतंय ते बघत बसायचं. लय नाद हाय.” मामा ओशाळले. “अगं, नुस्तं बसणं कुणी रिपोर्टात लिवतंय व्हय?”

मला रागच आला. पान वाया गेलं होतं आणि प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. काही न करता बसलात तरी तेच लिहायचं, किती वाजता, किती वेळ, सगळं खरं. “बरं बाईसाहेब,” एवढंच म्हणाले. आठवड्याचे तक्ते एकदम रविवारी पाठवायचे, हेही मीच ठरवून दिलं.

आमचं शेवटचं बोलणं बुधवारी झालं. त्यांचा आवाज बारीक वाटला, म्हणून विचारलं, “मामा, बरं आहे ना?”

“सगळं निरंक,” ते म्हणाले.

मामांच्या या शब्दाचा काय भरवसा, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी पुढं विचारलं नाही. मला प्रबंधाचं प्रकरण लिहून संपवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. मामीलाही काही बोलले नव्हते.

दहाव्याला मामीनं एक पाकीट हातात दिलं. “तुझं कागद. रविवारी टाकायचं म्हणून ठेवलं हुतं त्यांनी.” महिनाभर मी ते उघडलं नाही. टेबलावरून कपाटात, कपाटातून पुन्हा टेबलावर... त्यात नुसतं ‘निरंक’ असेल तर निदान मी सुटेन, असं वाटायचं. असं वाटल्याची लाजही वाटायची.

काल उघडलं. सोमवार आणि मंगळवार सारखेच, ‘स्टँड, चार ते पाच. ओळखीचं कुणी उतरलं नाही.’ बुधवारचं अक्षर जरा तिरकं गेलंय. फावल्या वेळाच्या रकान्यात मामांनी माझा हुकूम तंतोतंत पाळला आहे.

‘स्टँडवर गेलो नाही. छातीत कळ. तीन ते पाच नुसता बसून. पाच वाजता भाचीचा फोन. दोन मिनिटे.’