सगळ्यांचा लाडका दिवाण

माझी बायको तीस वर्षं बालवाडीची बाई होती. दूधवाल्याने चुकून एक पिशवी जास्त दिली, तर जिना उतरून त्याच्यामागे धावणारी बाई. तिला निवृत्तीनंतर एका दिवाणाचं वेड लागलं, आणि तेव्हापासून मला तिचा संशय यायला लागला.

हा दिवाण पुस्तकातला. कुठल्याशा काल्पनिक राज्याची जाडजूड कादंबरीमाला, चार भाग आलेले, पाचवा यायचा होता. तिच्यात राजे, मांत्रिक, मिठाचे डोंगर, बोलणारी गिधाडं, असं सगळं होतं. नव्हता फक्त एकही भला माणूस. दिवाण तर सगळ्यांत वाईट. तो ज्या बाईचं दूध पिऊन वाढला, तिच्याच मुलाला त्याने फासावर जाऊ दिलं. गुन्हा दिवाणाचा होता. भर दरबारात राजाने विचारलं, आणि हा गप्प बसला.

"इतका नीच माणूस मी आजवर वाचला नाही," बायको म्हणाली. चष्म्याआडून डोळे लुकलुकत होते.

"मग वाचतेस कशाला?"

"आवडतो हो मला तो."

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. मशीनवरून उतरलेला माल मोजायचा, मापात असेल तर सही करायची, नसेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला काढायचा. दिसतंय ते खरं धरायचं नाही, हे त्या नोकरीत अंगात मुरतं. त्यामुळे भाजी करपेपर्यंत बायको त्या पुस्तकात बुडायला लागली, मोबाइलवर वाचकांच्या गटातले निरोप वाचून एकटीच हसायला लागली, तेव्हा मला वाटलं, नुसत्या गोष्टीसाठी कुणी एवढं करत नाही. यात दुसरं काहीतरी आहे.

महिन्यातून एका रविवारी सकाळी ही मंडळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायची. एकदा मीही गेलो. ऐकायला नाही, माणसं बघायला. वीसेक जण होते. कॉलेजच्या मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एका दवाखान्यातल्या नर्सबाई. मालेगावचे एक यंत्रमागवाले चाचा तर खास यासाठी एसटीने आले होते.

"पाहुण्याच्या ताटात विष कालवतो ना, ते प्रकरण मी तीनदा वाचलं," नर्सबाई म्हणाल्या. लोक आमरसाबद्दल बोलतात तशा आवाजात. ही बाई रोज माणसांना इंजेक्शनं देते, एवढंच माझ्या मनात आलं.

शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "असल्या माणसावर तुम्ही सगळे एवढे खूश का? शेजारी राहायला आला तर चालेल?"

सगळे हसले. चाचा म्हणाले, "साहब, नेक आदमीची गोष्ट एका पानात संपते. तो नेक आहे, झालं. हा पुढं काय करेल ते सांगता येत नाही."

"आणि त्याला ठाऊक असतं, आपण काय केलंय ते," माझी बायको म्हणाली. "तो स्वतःला फसवत नाही."

बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं.

त्या आठवड्यात ती बहिणीकडे गेलेली असताना मी तिच्या उशाशी असलेला तिसरा भाग उघडला. तिला यात काय सापडतंय ते एकदा बघावं म्हणून. दरबाराचं प्रकरण आलं. दिवाण गप्प बसतो, त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'असे किती जण आपल्या घरात असतात.'

मी पुस्तक मिटलं. 

कारण अशी एक गोष्ट माझीही होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. दुपारची वेळ, पाळी संपत आलेली. शाफ्टचा, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांचा, एक लॉट तपासायचा होता. मला घरी जायची घाई होती. कारणही सांगण्यासारखं नाही, टीव्हीवर क्रिकेटची मॅच होती. मी एकही नग न मोजता सही केली. पंधरा दिवसांनी अख्खा लॉट परत आला. सगळे शाफ्ट मापाला कमी. मॅनेजरने मला आणि लेथवरच्या कामगाराला केबिनमध्ये उभं केलं. कामगार पेठ तालुक्याकडच्या डोंगरातला, कंत्राटावर घेतलेला, माझ्याच वयाचा. त्याच्या मशीनचं सेटिंग हललं होतं. ते पकडणं माझं काम होतं.

मॅनेजर म्हणाला, "तपासलेला माल खराब निघतो कसा?"

मी म्हणालो, "मी तपासला तेव्हा बरोबर होता. नंतर बदलला असेल."

कामगार माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही मोजलं होतं ना?"

मी खाली बघत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर नव्हता.

आता ही रेघ. मला खात्रीच वाटली की बायकोला कळलंय. कुणाकडून? कारखान्यातलं कुणी त्या वाचकांच्या गटात असेल? त्यानंतर तिचं प्रत्येक वाक्य मी कान टवकारून ऐकायला लागलो. एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "माणूस किती वर्षं गप्प राहू शकतो हो?"

"कोण माणूस?"

"दिवाण. दुसरं कोण?"

मला वाटलं, ही मला खेळवतेय. ज्या बाईबरोबर मी एवढा संसार केला, तिच्या हातातली मेथीची जुडीसुद्धा मला खोटी वाटायला लागली. असे तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "तुमचं काहीतरी बिनसलंय."

"सरळ विचार ना," मी ओरडलो. "तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"त्या लेथवाल्याचं. पुस्तकात रेघ मारून ठेवलीस ती काय उगीच?"

 ती म्हणाली, "अहो, वाचनालयाच्या पुस्तकात मी रेघ मारेन का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती रेघ आधीच्या कुठल्यातरी वाचकाची होती. बायकोला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण आता तिने कप खाली ठेवला होता. "कोण लेथवाला?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. मॅचसकट. ती रडली नाही, रागावलीही नाही. फक्त एक विचारलं, "तो कुठे असतो आता?"

"काय माहीत."

"शोधा."

जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करून गावाचं नाव मिळालं. आम्ही दोघं एसटीने गेलो. भात काढून झालं होतं, खळ्यावर पेंढ्या रचलेल्या होत्या. तो ओसरीवर दोरी वळत बसला होता. केस पिकले होते, पण मी लांबूनच ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असणार. उठला मात्र नाही.

"कशाला आलात साहेब?"

"भेटायला."

"एवढ्या लांब? भेटायला?" त्याने माझ्या बायकोकडे, मग तिच्या पिशवीकडे पाहिलं. "जमिनीचं काय हाय का? मी कागदावर अंगठा देत नाय कुणाला."

त्याच्या बायकोने कोरा चहा आणून ठेवला आणि दारातच उभी राहिली. तिलाही आमचा भरवसा वाटत नव्हता. मी कसंबसं बोललो. मोजलं नव्हतं, खोटं बोललो, तुमची चूक नव्हती, माफ करा. तो दोरी वळत राहिला.

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "मला काय नवीन सांगता? तवा सांगायचं होतं."

 जायला उठावं असं वाटत होतं, तेवढ्यात त्याने आत हाक मारली. विशीतली एक मुलगी बाहेर आली.

"ही माझी पोर. आयटीआय केलं हिनं. टर्नर, लेथवरचंच काम," तो म्हणाला. "हिनं मला एकदा विचारलं, बाबा, खरं सांगा, तुम्ही माल बदलला होता का? माझ्या पोरीनं विचारलं. मी नाय म्हणालो. तिला पटलं का नाय, मला अजून ठावं नाय. हिला सांगा. माझ्यासमोर सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती.

"एकही पीस मोजला नव्हता?" तिने विचारलं.

"एकही नाही."

"मापाचं गेज हातातच घेतलं नव्हतं?"

"नाही."

"मग सही कशावर केली?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.  ती आत गेली, वही आणि पेन घेऊन आली. "लिहून द्या," म्हणाली. "उद्या तुम्ही म्हणाल, मी असं बोललोच नाही."

मी लिहिलं. माझी बायको खांद्यावरून वाचत होती. 'माझ्याकडून नजरचुकीने' इथवर आलो, तशी तिने बोट ठेवलं.

"नजरचूक नव्हती ती."

मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर पहिल्यापासून लिहिलं. मुलीने तो दोनदा वाचला, बापाला वाचून दाखवला. त्याने ऐकलं आणि पहिल्यांदाच दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता काही बोलेल. तो म्हणाला, "एसटी चुकंल तुमची."

परतीच्या वाटेवर बायको खिडकीतून बाहेर बघत होती. गिरणारे गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "तुझ्या गटात सांगणार आहेस का हे?"

"नाही."

"का? त्यांना तर असलेच लोक आवडतात."

"दिवाण त्यांच्या घरात राहत नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

पाचवा भाग आला. तिने वाचनालयात नंबर लावून आणला, तितक्याच आवडीने वाचतेय. रविवारी जाते, येते, चाचा काय म्हणाले ते सांगते. माझ्याशी चांगलं वागते. पण मी काही सांगितलं की क्षणभर थांबते, माझ्या तोंडाकडे बघते आणि मगच बरं म्हणते. पूर्वी थांबत नसे. मी त्याबद्दल तिला कधी काही बोललो नाही, बोलायला तोंडही नाही.

डोंगरातल्या त्या घरून काही निरोप आलेला नाही. येईल असं त्यांनी म्हटलंही नव्हतं.