रंगमंचाखालची खोली

दिघाशीची बायजाबाई भिवंडीच्या जुन्या नाट्यगृहात झाडलोट करायची. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत तिने अकरा जणांना रंगमंचाखालच्या खोलीत लपवलं होतं. त्यातलीच सफिया पुढे नाटकं बसवू लागली. दहा वर्षांनी तिने प्रेक्षकांना नाट्यगृहभर फिरवत त्या दिवसाचाच खेळ उभा केला आणि वाट दाखवायला बायजाबाईला घेतलं.

पहिल्याच प्रयोगात प्रेक्षकांसह ती खाली उतरली. डोक्यावरच्या फळ्यांवर नटांचे पाय धाडधाड वाजले, तशी ती दाराकडे धावली. तिने आतून कडी घातली.

"कोनी आवाज करू नका," ती पुटपुटली.

खेळ संपला, तरी ती दार उघडेना.

"मावशी, मी सफिया. बाहेर कोणी नाही गं."

बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"उद्या यीन मी," बायजाबाई म्हणाली, "पन ही कडी आधी उपटून टाक."