पिशवी आतून बघणाऱ्या मास्तर

कुणाच्याही हातातली पिशवी मास्तर आधी उलटी करायच्या. आलेला माणूस ओळखीचा आहे की परका, साहेब आहे की शेतकरी, हे त्या बघत नसत. एकदा एका बँकेचे अधिकारी पिशव्यांची चौकशी करायला आले. त्यांच्या खांद्याला कुठल्याशा परिषदेत मिळालेली भारी दिसणारी पिशवी होती. मास्तरांनी ती मागून घेतली, आतला डबा, चष्मा, चार्जर कटिंगच्या टेबलावर मांडला आणि पिशवी झटक्यात उलटी केली. आत सगळीकडे दोरे लोंबत होते, कडा दुमडलेल्या नव्हत्या, बंद एकाच टिपेवर तरले होते. साहेब ओशाळले. मास्तर म्हणाल्या, "बाहेरून सगळ्याच चांगल्या दिसत्यात साहेब. खरं काय ते आत असतंय."

मास्तर म्हणजे बाई. हसनाबादच्या, शेतकरी घरातल्या. लग्नानंतर जालन्यात आल्या आणि एका मारवाडी शेठजींच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवायला लागल्या. तिथला कटिंग मास्तर एक दिवस न सांगता निघून गेला. शेठजींनी मोठी कात्री यांच्या हातात दिली. गिऱ्हाईक विचारायचं, मास्तर कुठे आहेत? शेठजी बोट दाखवायचे आणि लोक बाईंच्या मागे मास्तर शोधायचे. पुढे शोधणं थांबलं, नाव राहिलं. अठरा वर्षांनी त्यांनी जुन्या जालन्यात, एका बियाण्याच्या गोदामामागे पत्र्याची खोली घेतली, सहा शिलाई मशीन मांडली आणि संस्थांसाठी कापडी पिशव्या शिवायला सुरुवात केली. बँका, शाळा, बियाणे कंपन्या, डॉक्टरांच्या सभा. ज्याला आपलं नाव छापलेली पिशवी हवी, तो त्यांच्याकडे यायचा.

येणारा प्रत्येक जण बोधचिन्हाबद्दल बोलायचा. केवढं मोठं छापणार, कुठल्या रंगात, लांबून दिसेल ना. मास्तर ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "ह्यात काय जाणार?" फाइल, असं उत्तर यायचं. "आन् कार्यक्रम झाल्यावर काय जाणार?" मंग त्या स्वतःच सांगायच्या. शेतकरी मेळाव्याची पिशवी असेल तर तिच्यातून पुढे मोसंबी जाणार, तेव्हा बूड रुंद पाहिजे आणि कापड जाड कॅनव्हास. शिक्षकांची असेल तर वह्यांचे गठ्ठे जाणार, तेव्हा लांबी वहीच्या मापाची. मांजरपाट कुठे चालेल, कुठे नाही, हे त्या कापड चिमटीत धरून सांगत. आजकाल पर्यावरणाच्या नावाने ज्या पिशव्या वाटतात, कापडासारख्या दिसणाऱ्या पण प्लास्टिकच्या, ज्यांचे महिन्याभरात तुकडे होऊन नालीत जातात, त्यांचा त्यांना इतका राग होता की अशी पिशवी कुणी खोलीत आणली तर त्या ती उंबऱ्याबाहेर ठेवायला लावत.

पिशवी शिवून झाली की तिची परीक्षा व्हायची. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. मास्तरांनी एका कारखान्यातून सळईचे बोटभर तुकडे आणून ठेवले होते. ते पिशवीत भरायचे आणि पिशवी छताच्या हुकाला टांगायची. सकाळी टांगलेली पिशवी संध्याकाळी उतरायची आणि मंग मास्तर ती उलटी करून एकेका टाक्यावरून अंगठा फिरवायच्या. टाका हलला असेल तर शिवणारीला बोलवायच्या. ओरडत नसत. "हे बघ," एवढंच म्हणत आणि पिशवी तिच्या हातात देत.

शिवणारी कोण, हे त्यांना विचारावं लागत नसे. प्रत्येक पिशवीच्या आत, बंदाचं टोक जिथे कापडाला जोडलेलं असतं तिथे, फितीचा छोटा तुकडा असायचा. त्यावर छापलेलं असायचं, 'शिवणारी : रुक्साना', किंवा शोभा, किंवा अनुसया. ती फीत बंदाखाली दुमडून त्यावरून चौकोन आणि चौकोनात फुली, अशी टीप मारलेली. मी एकदा विचारलं की ही भानगड कशाला. मास्तर म्हणाल्या, "अठरा वर्षं लेकरांचे शर्ट शिवले. माझी पोरगी माझ्याच हातचा शर्ट घालून शाळेत जायची. कॉलरवर नाव शेठजीचं. मानूस चांगला होता, पण त्याला सुईत दोरा घालता येत नव्हता." रुक्साना मशीनवरून हसली. तिने आपली पहिली फीत शिवलेली पिशवी घरी नेऊन सासूला उलटी करून दाखवली होती, हे सगळ्या खोलीला माहीत होतं.

मी या खोलीत आलो तो छपाईचा मजकूर घेऊन. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. वडील कार्यकर्ते. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून. वर मोठा मथळा, मध्ये तीन-चार संतप्त परिच्छेद आणि खाली नेहमी तेच, 'आपले, समस्त कार्यकर्ते'. मोठा झालो तसा मीही पत्रकं लिहायला लागलो. मास्तरांकडे संघटनांच्या पिशव्यांचा मजकूर बसवून द्यायचं काम मी आवडीने करायचो. त्या मला पत्रकवाले म्हणत. "या पत्रकवाले. आज कोणाचं चुकलं?" मी सांगायला लागलो की अर्धा तास सांगायचो. त्या कापत राहायच्या. मधेच म्हणायच्या, "बराबर हाय तुमचं. ते टोक धरा जरा."

मंग आमच्या संघटनेचं जिल्हा संमेलन ठरलं. विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. पिशव्या मास्तरांकडूनच घ्यायच्या, असा आग्रह मी धरला आणि अध्यक्षांनी तो मान्य केला. अध्यक्षांना आम्ही सर म्हणायचो. पाचशे पिशव्यांचं काम. बाहेर एक ओळ छापायची होती, 'घडवणाऱ्या हातांना सलाम', आणि त्याखाली सरांची सही. सही जरा मोठी हवी, असा निरोप दोनदा आला. मास्तरांनी कापड निवडलं, बूड रुंद ठेवलं, कारण माणसं दूरदूरच्या गावांहून येणार आणि परत जाताना बाजार करून जाणार. आष्टीहून येणाऱ्या बाया पिशवीत काय काय नेतील, याचा त्यांनी हिशेब केला होता. एक एक पिशवी त्यांनी स्वतः बघितली. एका ऑर्डरला इतका जीव लावताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आमच्याबद्दलचंच संमेलन हाय म्हणता. मंग आमची पिशवी कमी पडायला नको."

संमेलनाच्या आदल्या दुपारी गठ्ठे सभागृहात आले. सरांनी एक पिशवी उघडली, आत हात घातला आणि फीत वर ओढून चष्म्यातून वाचली. "हे काय? रुक्साना कोण?" मी सांगितलं. सर म्हणाले, श्रमिक हा समूह असतो, अशी सुटी नावं लावली की व्यक्तिपूजा सुरू होते, संमेलनाच्या पिशवीवर खासगी नावं नकोत. बाहेर त्यांची सही वीतभर होती. ती मला दिसत होती.

आम्ही चौघे कार्यकर्ते कात्र्या घेऊन बसलो. आधी फितीचा बाहेरचा भागच कापला. सरांनी पाहिलं. 'रुक्' एवढं शिल्लक राहिलेलं दिसत होतं. ओंगळ दिसतं, म्हणाले, मुळापासून काढा. मुळापासून काढायची तर टीप उसवावी लागणार. चौकोन आणि फुली कशासाठी असते, हे मला माहीत होतं. बंदाचं सगळं वजन तीच टीप धरते, असं मास्तरांनी मला हुकाखाली उभं करून सांगितलं होतं. तरी मी ब्लेड घेतलं. चौकोन काढला, फुली काढली, फीत ओढून काढली. वरची एक टीप राहिली. धरेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाकीचे तिघे मला विचारत होते, असं केलं तर चालेल ना? मी म्हणालो, चालेल. संध्याकाळपर्यंत जमिनीवर फितींचा ढीग झाला आणि आम्ही तो झाडून बाहेर टाकला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पिशवीत सरांचं जाडजूड पुस्तक, फाइल आणि पाण्याची बाटली मिळाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद तुटायला लागले. माणसं पिशव्या लेकरासारख्या छातीशी धरून रांगेत उभी होती. पुस्तकं डाळीत पडत होती. दुपारच्या सत्राला सर माईकवर आले आणि म्हणाले की गैरसोयीबद्दल ते दिलगीर आहेत, स्थानिक महिलांना संधी द्यावी म्हणून संघटनेने हे काम त्यांना दिलं होतं, दर्जाबाबत अपेक्षाभंग झाला, तरी आपण त्यांना समजून घेतलं पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनाला टाळ्या मिळतात.

मास्तर आणि रुक्साना मागच्या रांगेत बसल्या होत्या. मीच त्यांना निमंत्रण दिलं होतं. रुक्साना नवी साडी नेसून आल्ती.

व्हरांड्यात मास्तरांनी एका माणसाच्या हातातली तुटकी पिशवी मागून घेतली आणि उलटी केली. फीत नव्हती. कापडावर सुईच्या भोकांचा चौकोन होता आणि त्यात फुली, अगदी स्वच्छ. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मंग माझ्याकडे पाहिलं.

"हे उसवलं न्हाई. हे उसवून घेतलंय."

मी म्हणालो, सरांनी सांगितलं.

"मी हात विचारून राह्यले, पत्रकवाले. तोंड न्हाई."

रुक्साना भिंतीकडे बघत होती. मास्तरांनी पिशवी नीट सुलटी करून त्या माणसाला परत दिली, आत त्याचं पुस्तक ठेवून दिलं, आणि खालून धरा म्हणून सांगितलं.

माईकवरचं बोलणं गावभर जायला वेळ लागत नाही. संमेलनात एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे सचिव होते. त्यांची वर्षाची ऑर्डर मास्तरांकडे पक्की व्हायची होती. ती दुसरीकडे गेली. एका कंपनीने मोबाईलवर दोन ओळींत कळवलं की सध्या गरज नाही. सहातली तीन मशीन झाकून ठेवली गेली. रुक्सानाच्या घरी विचारणा झाली की तुझ्यामुळे हे झालं का. आणि आमची संघटना ठराव करत होती. श्रमिक महिलांच्या कौशल्यविकासाचा ठराव. मी त्या बैठकीत बसलो होतो. त्या ठरावातली भाषा माझी होती.

शेवटी मी जे मला येतं ते केलं. पत्रक काढलं. मथळा जळजळीत, सरांची सही आणि त्यांचा ढोंगीपणा यांची चिरफाड, फिती कापल्या गेल्याची हकीकत. रात्रीतून नाही, भर दुपारी बसस्थानकाजवळ वाटलं. एक प्रत घेऊन अभिमानाने मास्तरांकडे गेलो. त्यांनी कात्री खाली ठेवून सगळं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. मंग कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं, 'आपले, काही प्रामाणिक कार्यकर्ते'.

"मजकूर मजबूत हाय," त्या म्हणाल्या. "फिती कापल्या गेल्या, असं लिव्हलंय. आपोआप गेल्या का?"

मी म्हणालो, नाव टाकलं तर संघटनेतून काढतील.

"रुक्सानाचं काढलं तेव्हा तिला कोणी विचारलं न्हाई." त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "ह्याच्यात वजन टाकलं तर हे धरायचं न्हाई, बाबू."

पत्रकवाले म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्याआधी त्यांनी खोली सोडली. शिवणाऱ्या बायांनी मशीन वाटून घेतली आणि मास्तर आष्टीला मुलीकडे गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा कुलूप होतं. पत्र्याच्या दाराच्या फटीतून छताचा हुक दिसत होता. नंतर ऐकलं की आष्टीच्या बाजारातही त्या भाजी घेणाऱ्यांच्या पिशव्या उलट्या करून बघतात आणि लोक हसतात. हसू देत. माझ्या हातात कुठलंही पत्रक, ठराव, आवाहन आलं की मी आधी खाली बघतो. 'समस्त' दिसलं, 'काही प्रामाणिक' दिसलं की कागद बाजूला ठेवतो. सरांनी आदेश दिला, हे खरं आहे आणि त्याबद्दल मी त्यांना कधीही माफ करणार नाही. पण सरांना टीप कुठली काढायची हे माहीतच नव्हतं. त्या चौघांत ते फक्त एकाला माहीत होतं.

रुक्सानाकडे आता एक मशीन आहे. हा लेख मी तिला आधी वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला आणि विचारलं, खाली काय लिहिणार? मी सांगितलं. ती म्हणाली, मंग छापा.

उसवणारा : भास्कर