डावखुऱ्यावर लावलेले सासरे

सासऱ्यांची बायपास करायची की नाही, हे मी गोल्फच्या एका स्पर्धेवर लावलं.

दारू प्यायलो नव्हतो. कोणी भरीस घातलं नव्हतं. रविवारी दुपारी, वरणभात जेवून, अगदी शुद्धीत असताना लावलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. आईंना घेऊन चार महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे परदेशात, हेन्डरसनला आले होते. नोकरीत असताना ते पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, त्यामुळे घरात आलेल्या कुठल्याही वस्तूबरोबरचं माहितीपत्रक ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. टोस्टरचंसुद्धा. येताना मात्र एक कागद त्यांनी बॅगेत स्वेटरखाली दडवून आणला होता, तो चौथ्या महिन्यात आईंच्या हाती लागला. अँजिओग्राफीचा रिपोर्ट. तीन ब्लॉकेज.

बायकोने पुण्याच्या सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, परत आले की लगेच करून टाकू, लांबवू नका. पण तारीख धरून ठेवायची तर सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा. बाबांचं परतीचं विमान बुधवारी होतं. बाबा म्हणत होते, मला काही होत नाही.

त्यांना काय होत होतं, ते मी पैजेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इथल्या भारतीय दुकानांच्या सँडरिंगहॅमला पाहिलं होतं. किराणा घेऊन गाडीकडे परतताना ते मिठाईच्या दुकानासमोर थांबले. म्हणाले, जिलेबी बघतो. जिलेबी कोणी पाच मिनिटं बघत नाही. काचेत मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो जिलेबीकडे बघत नव्हता.

गोल्फची सवय त्यांना मीच लावली. मी स्वतः गोल्फ खेळतो, म्हणजे रविवारी सकाळी झुडपात चेंडू शोधत फिरतो. बाबांना टीव्हीवरचं गोल्फ आवडलं, कारण त्यात माणसं हळू बोलतात. त्या आठवड्यात वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक अमेरिकेत चालू होती. चार दिवसांची स्पर्धा, सगळ्यांत कमी फटके ज्याचे तो जिंकला. बाबांनी पहिल्याच दिवशी एक डावखुरा खेळाडू आपला म्हणून निवडला, कारण तो फटका मारल्यावर उखडलेला गवताचा तुकडा स्वतः जागेवर लावून ठेवायचा. आमच्या रविवारी सकाळी तिसरा दिवस संपला, तेव्हा हा डावखुरा सहा फटक्यांनी पुढे होता.

सहा फटके म्हणजे खूप. मला वाटलं, ही संधी आहे.

"बाबा," मी जेवणानंतर म्हणालो, "तुमचा डावखुरा जिंकला, तर ऑपरेशन करायचं. बोला."

बाबांनी बडीशेप चावायची थांबवली. "आणि हरला तर?"

"हरत नाही तो."

"ते मी विचारलं नाही."

"हरला तर विषय बंद."

"कोणी काढायचा नाही. तुमच्या बायकोने नाही, सासूबाईंनी नाही. फोनवरसुद्धा नाही."

"नाही काढणार," मी म्हणालो, आणि घरातल्या कोणाला न विचारता सगळ्यांच्या वतीने हात पुढे केला. बाबांनी तो धरला. पकड मजबूत होती. मला बरं वाटलं, म्हणजे बघा माझी अक्कल.

बायकोने एवढंच विचारलं, "सहा फटके म्हणजे किती?"

"हेप्स," मी इथल्या लोकांसारखं म्हणालो. "ढीगभर."

"हेप्स म्हणजे किती?"

मी समजावून सांगितलं. त्यानंतर ती माझ्याशी दिवसभरात एकच वाक्य बोलली, ते पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा आहे हे होतं.

सोमवारी सकाळी हीटर लावून आम्ही टीव्हीसमोर बसलो. इथे मे महिन्यात थंडी सुरू झालेली असते. बाबा शाल गुंडाळून खुर्चीत, मी सोफ्यावर, बायको डायनिंग टेबलाशी कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करत. मीही घरूनच काम करत होतो, असं माझ्या ऑफिसला वाटत होतं. आईंना गोल्फमधलं काही कळत नाही, पण पैज कळली होती. त्यांनी पर्समधून आपला छोटा गणपती आणि बाळकृष्ण काढले आणि आमच्या सॅलडच्या काचेच्या बाऊलमध्ये पाण्यात ठेवले.

"जिंकला की काढीन बाहेर," त्या म्हणाल्या, आणि बाऊल मायक्रोवेव्हवर ठेवून दिला.

डावखुऱ्याने दुसऱ्या होलला एक फटका घालवला. मी म्हणालो, काही नाही, पाच आहेत अजून. पाचव्याला आणखी एक. मी म्हणालो, चार आहेत. आठव्यानंतर मी मोजायचं सोडलं, पण बाबा मोजत होते. मोठ्याने नाही, शालीतून एकेक बोट बाहेर येत होतं. मागून एक लाल टोपीवाला पोरगेला खेळाडू दर दोन होलांनी एकेक फटका वाचवत येत होता. आमचा डावखुरा अजूनही गवताचे तुकडे जागेवर लावत होता. मला त्याला हलवून सांगावंसं वाटत होतं की बाबा रे, गवत राहू दे.

बायकोने एक हेडफोन काढला. "किती?"

"दोन."

"काल सहा होते ना?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याला काहीतरी खायला द्या म्हणावं."

शेवटच्या, अठराव्या होलला डावखुऱ्याकडे एका फटक्याची आघाडी शिल्लक होती, आणि ती त्याने तिथेच घालवली. बरोबरी. प्लेऑफ.

"म्हणजे काय?" बायकोने दुसराही हेडफोन काढला आणि लॅपटॉप बंद केला.

मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं, "आता दोघंच खेळणार. सडन डेथ. पहिल्याच होलला ज्याचे कमी फटके, तो जिंकला. गेल्या महिन्यात दुसऱ्या स्पर्धेत असंच झालं होतं."

"सडन डेथ," बायको म्हणाली. "त्यांच्या समोर." आणि खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

बाबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

प्लेऑफच्या पहिल्या होलला डावखुऱ्याचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. बाहेर काढला तो झेंड्यापासून फार लांब. त्याला पाच फटके लागले. लाल टोपीला चार.

मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पुढचं कौतुक आणि टाळ्या मला बघवल्या नसत्या. मग उठलो, बाबांसमोर गेलो, आणि आयुष्यात एकदा तरी दिलदारपणे वागावं म्हणून हात पुढे केला.

"जिंकलात, बाबा. विषय बंद."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात आईंनी बाऊल खाली घेतला, बाळकृष्ण बाहेर काढला, आणि भांडी पुसायच्या टॉवेलने हळूहळू पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या. एवढासा तो बाळकृष्ण, त्याला किती पुसायचं.

बाबांनी माझा हात धरला नाही. त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने स्वच्छ केला, परत लावला. माझा हात तसाच पुढे.

"रिमोट द्या," ते म्हणाले.

"कशाला?"

"तीन होल असतात."

"काय?"

"ह्या स्पर्धेत प्लेऑफ तीन होलांचा असतो. तिन्हींची बेरीज धरतात. अजून दोन राहिलेत." आणि मग, माझ्या वरिष्ठांनीही कधी वापरला नाही अशा शांत आवाजात, "नियम वाचत नाही का तुम्ही, साहेब? मी बुधवारीच वाचलेत, हिच्या टॅबवर."

मी हात मागे घेतला. ह्या माणसाने नुसतं गप्प बसायचं होतं. मी हार मानली होती, टीव्ही बंद होता, देव निम्मे बाहेर आले होते. आणखी मिनिटभर चष्मा पुसत बसले असते, तर कोणाला काही कळलं नसतं.

बायकोलाही हे माझ्याबरोबरच कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही का सांगितलंत?"

"अर्ध्यावर टीव्ही बंद करतात का कोणी," बाबा म्हणाले. "लाव."

बायकोने टीव्ही लावला. आई दारात बाळकृष्ण घेऊन उभ्या. "ह्याचं काय करू?"

"आत ठेव परत," बाबा म्हणाले.

दुसऱ्या होलला दोघांनी तीन-तीन फटके घेतले. आम्ही अजून एकाने मागे. तिसऱ्या होलला डाव्या बाजूला शेवटपर्यंत तळं होतं. बाबांनी शालीतला हात बाहेर काढून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, आणि बायकोने त्यांच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. टीव्हीकडे न बघता ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

लाल टोपीने मारलं. चेंडू उंच गेला, वळला, वळतच राहिला.

आई आता टीव्हीसमोर आल्या होत्या. "पाण्यात गेला ना तो? चांगलं की वाईट?"

"त्याचा गेला. आपला नाही," मी म्हणालो.

"मग चांगलं."

दंड धरून लाल टोपीला सहा लागले. मी बोटांवर बेरीज केली, ती दोनदा वेगळी आली.

"हा शेवटचा गेला, तर आपण एकाने जिंकलो," बाबा म्हणाले. "नाही गेला तर बरोबरी, म्हणजे पुन्हा खेळणार." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांना विचारू नका कोणी."

डावखुऱ्याचा चेंडू भोकापासून आमच्या सोफ्याच्या दीडपट लांब होता. तो खाली बसला, उतार बघितला, उठला, परत बसला.

"मुडदा बसवला ह्याचा, किती वेळ लावतोय," आई पुटपुटल्या. आईंना मी इतक्या वर्षांत ह्याच्या जवळपास जाणारं काहीही बोलताना ऐकलेलं नाही.

"नाडी?" मी हळूच विचारलं.

"गप्प बस," बायको म्हणाली.

त्याने मारलं. चेंडू भोकाच्या उजव्या कडेला गेला, कडेवरून अर्धं वळण घेतलं, तिथे थांबला असं मला वाटलं, आणि आत पडला.

बायकोने बाबांचं मनगट सोडलं नाही. आई मागे वळल्या, आणि स्वयंपाकघरातून पाणी ओतल्याचा आवाज आला. टीव्हीवर डावखुरा टोपी काढून उभा होता, आणि बाबा त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्याच्याकडून त्यांना अजून काहीतरी हवं होतं.

"दुखेल का गं फार?" त्यांनी विचारलं. टीव्हीकडे बघतच.

"दुखेल, बाबा," बायको म्हणाली. "थोडे दिवस."

"हं."

पुण्यात तेव्हा पहाटेचे पाच वाजत आले होते. हॉस्पिटल उघडायला आमची दुपार उजाडणार होती, तरी बायकोने फोन हातात घेऊन ठेवला. मी आपला चहाला उठलो. वातावरण निवळलं आहे असा अंदाज बांधून मी म्हणालो, "बाबा, ऑपरेशनला मी येतो पुण्याला. रजा काढतो. सोबत कोणीतरी हवं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ह्यांना इथेच ठेव," ते तिला म्हणाले. "एक ब्लॉकेज निघाला की झालं म्हणतील, आणि डॉक्टरांना घरी पाठवतील."